स्वालबार्डवरचे व्याख्यान कसे बांधावे

इंदूरच्या आपल्या वाचनमंडळात ज्यांना स्वालबार्डवर, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या ध्रुवीय बेटांवर, बोलायचे आहे, त्यांनी सुरुवात सनावळीने न करता पृथ्वीगोलाने करावी. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ध्रुवाकडचे प्रदेश फार फुगलेले दिसतात. प्रत्यक्षात सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटरांचा हा द्वीपसमूह मध्य प्रदेशाच्या पाचव्या हिश्श्याएवढा आहे. गोलावर इंदूरपासून तिथले मुख्य गाव लाँगयीअरब्येनपर्यंत दोरा ताणून धरावा, तोच दोरा विषुववृत्तावर ठेवून किती अंश भरतात ते पाहावे आणि त्या आकड्याला १११ ने गुणावे, कारण तिथे एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. सुमारे ६,९०० किलोमीटर हे उत्तर श्रोत्यांकडूनच काढून घ्यावे, कारण स्वतः मोजलेले अंतर सहसा विसरले जात नाही.

नंतर फळ्यावर बेटांची ढोबळ आकृती काढून पश्चिम किनाऱ्यालगत लाल खडूने उबदार समुद्रप्रवाहाचा बाण काढावा आणि तो शेवटपर्यंत पुसू नये. या प्रवाहामुळे पश्चिमेकडचे पाणी पूर्वेपेक्षा अधिक काळ मोकळे राहते, म्हणून माणसांची वर्दळ मुख्यतः याच बाजूला झाली.

१५९६ मध्ये डच दर्यावर्दी विलेम बारेंट्स येथे पोहोचला, एवढे सांगून लगेच देवमाशांच्या शिकारीकडे वळावे. सतराव्या शतकात डच लोक स्मीरेनबर्गच्या किनाऱ्यावर मोठमोठ्या कढयांत चरबी कढवून तेल काढत. तिकडच्या गोठलेल्या जमिनीतल्या त्यांच्या थडग्यांत विणलेल्या लोकरी टोप्या टिकून राहिल्या असून प्रत्येक टोपीचे पट्टे निराळे आहेत. थंडीने चेहरे झाकलेली माणसे एकमेकांना या पट्ट्यांवरून ओळखत असावीत, असे अभ्यासक मानतात. माझ्या मते व्याख्यानात सर्वाधिक वेळ या टोप्यांना द्यावा, कारण त्या शिकाऱ्यांच्या रोजच्या जगण्याजवळ इतके नेणारे दुसरे काही नाही.

कोळशाच्या खाणींचा काळ थोडक्यात आटोपला तरी चालेल, मात्र १९२० चा करार नीट उलगडावा: बेटांवर सार्वभौमत्व नॉर्वेचे, परंतु उद्योगधंद्याचा समान हक्क सर्व करारबद्ध देशांच्या नागरिकांना, आणि त्या देशांत ब्रिटिश अमलाखालचा भारतही होता.

अखेरीस ७९ अंश उत्तरेला न्यू ओलेसुंडचा ठिपका द्यावा. १९६२ च्या भीषण अपघातानंतर तिथली खाण बंद पडली, पुढे त्याच वस्तीत संशोधक राहू लागले आणि २००८ मध्ये भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र सुरू झाले. हा ठिपकाही लाल बाणाच्या कडेलाच पडतो, हे श्रोत्यांना फळ्याजवळ बोलावून दाखवावे.