ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) नव्याने टाकल्यावर ब्राउझर रुसला, तर आधी घड्याळ बघा

बुकमार्क, फोटो, कागदपत्रं फॉरमॅटआधी सगळेच काढून ठेवतात, त्यावर शब्द घालवत नाही. पासवर्डचं मात्र नीट ऐका. विंडोजवर क्रोमचं प्रोफाइल फोल्डर जसंच्या तसं कॉपी केलं तरी नव्या विंडोजमध्ये त्यातले पासवर्ड उघडत नाहीत, कारण ते जुन्या युजर खात्याच्या किल्लीने बंद केलेले असतात. सिंक, म्हणजे ब्राउझरच्या खात्यात पासवर्ड आपोआप जपणं, चालू ठेवा, नाहीतर पासवर्डची यादी सीएसव्ही फाइलमध्ये काढा. ती फाइल उघडीनागडी असते, काम झालं की रिसायकल बिनमधूनसुद्धा उडवा. फायरफॉक्सवाल्यांनी लॉगिन्स डॉट जेसन आणि की4 डॉट डीबी या दोन्ही फाइली घ्यायच्या, एकटीचा उपयोग नाही. वायफायचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर असू द्या. नेट नसेल तर तो उतरवणार कशावर?

आता इन्स्टॉल झाल्यावर. ब्राउझरला हात लावायच्या आधी घड्याळ. तारीख, वर्ष, टाइमझोन, तिन्ही. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं आणि ब्राउझर काढ-घाल करण्यात अख्खी संध्याकाळ गेली. कारण साधं आहे: प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे तिच्या ओळखपत्रावर, ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. लेट्स एनक्रिप्ट या फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेची नेहमीची सर्टिफिकेटं तर 90 दिवसांचीच. संगणकाचं वर्ष मागे गेलं की ब्राउझरच्या मते ते सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही. क्रोम निदान ‘युअर क्लॉक इज बिहाइंड’ असं सांगतो. सिंक आणि अपडेट मात्र कारण न सांगता अडकू शकतात, आणि आपण राउटरला शिव्या देत बसतो.

कोपऱ्यातली वेळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळली म्हणून लगेच पुढे जाऊ नका. इन्स्टॉलरने भलताच टाइमझोन धरला असेल आणि तुम्ही वेळ हाताने बदलली असेल, तर आकडे बरोबर दिसतात, पण आतली यूटीसी (जगभराची प्रमाण) वेळ तासांनी चुकलेली असते. साइट कदाचित उघडतील. पण त्याच संगणकावरच्या ऑथेंटिकेटरचे (लॉगिनसाठी आकडे देणाऱ्या ॲपचे) कोड चालणार नाहीत, कारण ते 30 सेकंदांच्या हिशोबावर चालतात. म्हणून आधी टाइमझोन, मग तारीख-वेळेच्या सेटिंगमधलं ‘सिंक नाऊ’. हाताने वेळ बदलायची नाही.

विंडोज आणि लिनक्स शेजारीशेजारी असतील तर आणखी एक भानगड. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितो, लिनक्स सहसा यूटीसी मानतो, आणि दोघं एकमेकांची वेळ बिघडवत राहतात. दोन्हीकडे एकच पद्धत ठेवा. आणि प्लग काढून ठेवल्यावर तारीख दरवेळी मागे जात असेल, तर सेटिंगशी खेळू नका, मदरबोर्डवरचा सेल बदला. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर 2032 असतो. बघितलंत ना घड्याळ? खरंच? मग पुढे.

सिस्टिम अपडेट पूर्ण करा, अर्धवट नको. जुन्या डिस्कवरून टाकलेल्या ओएसमध्ये नवी रूट सर्टिफिकेटं, म्हणजे ज्यांच्या भरवशावर बाकीची तपासली जातात ती, नसतात. 30 सप्टेंबर 2021 ला एक जुनं रूट संपलं तेव्हा अशा मशीनवर अनेक साइट उघडायच्या बंद झाल्या. विंडोज 7 किंवा 8.1 असेल तर क्रोमची गाडी 109 वरच थांबते, नवं व्हर्जन शोधत फिरू नका.

पान काळं पडतं, स्क्रोल करताना फाटतं? डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसत असेल तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. तो टाका. तोवर ब्राउझरच्या सेटिंगमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन (पान रंगवायचं काम ग्राफिक्स चिपकडे देणं) बंद चालेल, नंतर मात्र आठवणीने चालू करा.

एवढं करूनही बिघाड तसाच असेल तर नवं, कोरं प्रोफाइल करून बघा. त्यात नीट चाललं तर दोष जुन्या सामानात आहे. एक्स्टेन्शन एकेक करून घाला. लिनक्सवर मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर नोटो फॉन्ट. विंडोजच्या एन (मीडिया प्लेअर नसलेल्या) आवृत्तीवर व्हिडिओ अडला तर मीडिया फीचर पॅक. बाकी प्रॉक्सी (मधला सर्व्हर), डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा), अँटिव्हायरसचं वेब स्कॅनिंग तपासा, याच क्रमाने, एका वेळी एकच बदल.