आईचा हात कुठे टेकतो ते बघा

चालणं अवघड झालेल्या आईला "कशी आहेस?" विचारलं की "बरी आहे" हेच उत्तर येणार. त्यापेक्षा ती घरात वावरताना नीट बघा. खुर्चीची पाठ, दाराची चौकट, बाथरूममधला टॉवेलचा दांडा... जिथे तिचा हात आपोआप टेकतो, तिथे तिला आधार हवा आहे. टॉवेलचा दांडा माणसाचं वजन पेलायला केलेला नसतो. तिथे भिंतीत पक्का बसणारा आधाराचा दांडाच लावून घ्या. रात्री पलंगापासून संडासापर्यंत एकदा स्वतः चालून बघा. सरकणारं पायपुसणं, आडवी वायर, हाताला न लागणारं बटण लगेच कळतं.

काठी असेल तर तीही तपासा. हात सरळ खाली सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. खालचं रबर झिजलं असेल तर बदला.

सामान मात्र तिला विचारूनच हलवा, कारण जुनी मांडणी तिच्या पायांना पाठ असते. आणि कपड्यांच्या घड्या घालण्यासारखी बसून होणारी कामं तिच्या हातून काढून घेऊ नका, तुम्हाला कितीही घाई असली तरी.