पाकिटातला पॅटर्न आणि १८१० चा गाउन

१८१० च्या काळातला इंग्लिश गाउन तयार पॅटर्नवरून, म्हणजे कापड कापायच्या छापील कागदी साच्यांवरून शिवायचा असेल, तर पाकिटावरच्या चित्राला भुलू नका. पाकीट उलटं करून सामानाच्या यादीत 'झिप' आहे का, ते आधी बघा. १८१० मध्ये झिप कुठली? बायकांच्या कपड्यांत ती रुळली १९३० च्या दशकात. तरी मी तसलाच पॅटर्न घेते, कारण गळा-बाहीचं निम्मं गणित आयतं मिळतं.

इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकीच्या कंट्री डान्ससाठी (जुन्या इंग्लिश पद्धतीचा जोड्यांचा नाच) मी शिवलेला पहिला गाउन वाया गेला. तिची छाती ३६, पाकिटावरच्या तक्त्यात ३६ ला साइज १४, म्हणून १४ कापली. आतल्या कागदावर बारीक अक्षरात तयार कपड्याची छाती ४० छापली होती, ती मी वाचलीच नाही. चार इंच सैल! पोरगी नाइटी घातल्यासारखी दिसत होती. तेव्हा तक्ता सोडा, ती बारीक ओळ शोधा आणि छातीपेक्षा एक-दीड इंचच जास्त भरेल ती साइज कापा. माप घेताना आत जे घालणार ते घालूनच घ्या. त्या काळी छाती उंच उचललेली असे. कॉर्सेट (छाती उचलून धरणारं जुन्या पद्धतीचं आतलं वस्त्र) नसेल तर ब्राचे पट्टे तरी आखडा.

आता खांदा. आपल्या कपड्यांत खांद्याची शिलाई खांद्यावर येते, १८१० च्या काळी ती मागे पाठीवर उतरायची. जुनेपणा इथेच दिसतो. पॅटर्नमध्ये माया, म्हणजे शिलाईबाहेर सोडलेली कड, पाच सूत असते (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). पुढचा आणि मागचा कागद खांद्याशी शिलाईच्या रेघेवर रेघ ठेवून चिकटवा. मग पाठीच्या बाजूला गळ्याशी एक इंच आणि मुंढ्याशी दोन इंच मागे खूण करून नवी रेघ ओढा, तिथे कापा, दोन्ही तुकड्यांना पाच सूत माया जोडा. बाहीवरची खांद्याची खूणही दोन इंच मागे न्या. मी एकदा विसरले आणि बाही पिळली.

मुंढा काखेत अर्धा इंच वर घ्या, बाहीलाही तेवढाच कागद जोडा. साडीवरचा चांगला ब्लाउज आठवा: मुंढा वर असला की हात उचलला तरी ब्लाउज वर चढत नाही. इथेही तेच.

एवढं झालं की मांजरपाटावर कच्चं शिवून बघा. मी इचलकरंजीची, मला त्याचा कंटाळा नाही, पण कंटाळा असला तरी शिवाच. अंगावर घालून हात वर करायला लावा, टाचण्या तिथेच मारा.

झिपच्या जागी पाठीमागे नऊ-दहा इंच उघडं ठेवा, गळ्याला आणि छातीखाली नेफा करून बारीक नाडी घाला. तेव्हाच्या बऱ्याच गाउनना असंच असे.

कापड पांढरी मलमल. तेव्हा ती बंगालहून इंग्लंडला जायची, मी पुण्याहून आणते. साडेपाच मीटरच्या साडीत गाउन होतो, चोळीच्या भागाला मात्र सुती अस्तर लावा. सॅटिन नको, त्याची चकाकी लांबूनही खोटी वाटते. आतल्या शिलाया मशीनवर मारा, कुणी बघत नाही. गळ्याची नि बाह्यांची कड हाताने दुमडा.

खालची पट्टी सगळ्यात शेवटी, आणि ती सपाट चपला घालून मापा. माझ्या लेकीने उंच टाचा घालून माप दिलं होतं. नाचाच्या दिवशी सपाट बूट घातले आणि अख्खा वेळ घोळ हातात धरून नाचली.