हेडफोनवर गाणं स्वच्छ, गाडीत मात्र फाटतं? या चुका टाळा

हेडफोनवर सुरेख ऐकू येणारं गाणं गाडीच्या स्टिरिओला जोडलं की कधी पातळ होतं, कधी फाटतं, तर कधी त्याच्यामागे इंजिनाबरोबर चढत जाणारी शिट्टी सुरू होते. मग माणूस आधी केबल बदलतो, नंतर स्पीकरना दोष देतो आणि शेवटी नवा स्टिरिओ बघायला लागतो. खरं तर अशा बहुतेक तक्रारींत कुठलीच वस्तू बिघडलेली नसते. गाणी वाजवणाऱ्या म्युझिक प्लेअरमधून निघालेला आवाज स्पीकरपर्यंत पोहोचताना वाटेत एखाद्या ठिकाणी अडलेला असतो, आणि ती जागा सापडली की दुरुस्ती अनेकदा फुकटात होते. शोधताना पथ्य एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, चार्जर आणि सेटिंग एकदम बदललं तर आवाज सुधारेलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागेल.

दोन व्हॉल्यूम, दोन्ही चुकीच्या जागी

सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच आहे. ऑक्स केबलने, म्हणजे हेडफोनच्या जॅकमधून स्टिरिओच्या ऑक्स या जॅकमध्ये जाणाऱ्या वायरने, प्लेअर जोडला की आवाज कमी-जास्त करायला दोन जागा होतात, एक प्लेअरवर आणि एक स्टिरिओवर. हेडफोनची सवय असल्यामुळे प्लेअरचा आवाज निम्म्यावरच राहतो आणि मग स्टिरिओचा नॉब फिरवत फिरवत शेवटाला नेला जातो. स्टिरिओ मिळालेला सिग्नल वाढवतो, पण त्यासोबत केबलमधली आणि स्वतःची खरखरही तितकीच वाढवतो. सिग्नल अशक्त असला की खरखर ठळक होते. वर मध्येच रेडिओ लावला तर तो अंगावर येतो, कारण नॉब तसाच वर राहिलेला असतो.

याच्या उलट चूक म्हणजे प्लेअर पूर्ण वर नेऊन ठेवणं. काही प्लेअरमधला हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर शेवटच्या एक-दोन पायऱ्यांवर स्वतःच आवाज फाडतो, तर काही गाड्यांच्या ऑक्सला इतका जोरदार सिग्नल पेलत नाही. सुरुवात करायला प्लेअर ७५ ते ८० टक्क्यांवर ठेवा आणि पुढचं सगळं स्टिरिओच्या नॉबवर करा. तरीही फाटत असेल तर एक साधी परीक्षा आहे. गाण्यातली सर्वांत जोरकस जागा लावा, प्लेअर तीन-चार पायऱ्या खाली आणा आणि स्टिरिओ वाढवून आवाज पहिल्याइतकाच करा. फाटणं थांबलं तर गडबड प्लेअरच्या बाजूला किंवा ऑक्सच्या तोंडाशी होती. तेवढ्याच आवाजाला तसंच फाटत राहिलं तर स्टिरिओच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे किंवा स्पीकरकडे बघायला हवं. स्पीकर बदलण्याआधी ही परीक्षा कराच.

बऱ्याच स्टिरिओंच्या मेन्यूत प्रत्येक स्रोताची पातळी वेगळी ठरवायची सोय असते, पण तिथवर फारसं कोणी जात नाही. रेडिओ आणि ऑक्स आळीपाळीने लावून दोन्हींचा आवाज सारखा होईपर्यंत ती पातळी हलवा.

प्लेअरला वेगळा लाइन आउट (दुसऱ्या यंत्राला सिग्नल देण्यासाठीचा जॅक) असेल तर हेडफोनच्या जॅकपेक्षा तो वापरलेला बरा. जुन्या आयपॉडच्या खालच्या ३० पिनांच्या जोडणीतूनही असा सिग्नल मिळायचा. लाइन आउटची पातळी सहसा ठरलेली असते, त्यामुळे प्लेअरची बटणं दाबूनही आवाज हलत नाही. तो बिघाड नाही, तिथे सगळा ताबा स्टिरिओकडे असतो.

या सगळ्यानंतरही आवाज दबकाच वाटला तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा चालू आहे का ते पाहा. कानांच्या काळजीसाठी अनेक प्लेअर ही मर्यादा लावूनच येतात. हेडफोनसाठी ती असायलाच हवी, गाडीत मात्र तिच्यामुळे सिग्नल विनाकारण अशक्त होतो. गाडीपुरती ती काढा आणि हेडफोन लावण्याआधी आठवणीने परत लावा.

याच प्रकारातली आणखी एक गोष्ट म्हणजे इक्वलायझर, म्हणजे बास-ट्रेबल कमी-जास्त करायची सोय. प्लेअरवर बास वाढवलेला, स्टिरिओवरही वाढवलेला, आणि वर बास आणखी उठवणारं लाउडनेसचं बटण दाबलेलं, असं हमखास आढळतं. प्लेअरने बास वाढवला की सिग्नलची वरची मोकळी जागा संपते आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला आवाज चिरकतो. प्लेअरचा इक्वलायझर बंद ठेवा. गाडीच्या आतल्या जागेनुसार जे काही करायचं ते स्टिरिओवर करा.

इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी

गाडी सुरू केल्यावर बारीक शिट्टी येते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो आणि सोडला की उतरतो. ही तक्रार बहुतेक वेळा प्लेअर एकाच वेळी चार्जिंगला आणि ऑक्सला लावलेला असताना येते. कारण समजलं की उपायही लगेच समजतो. प्लेअरला गाडीच्या अर्थिंगकडे जायला दोन वाटा मिळालेल्या असतात, एक चार्जरच्या वायरमधून आणि दुसरी ऑक्स केबलच्या आवरणातून. या दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असतो, त्यामुळे त्या वळशातून प्रवाह वाहतो आणि अल्टरनेटरच्या (गाडीत वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) विजेतले चढउतार गाण्यात मिसळतात. अल्टरनेटर इंजिनावर फिरतो, म्हणून सूर इंजिनाबरोबर चढतो.

खात्री करायची असेल तर गाणं थांबवा, आवाज थोडा वाढवा आणि चार्जरची वायर प्लेअरमधून काढा. शिट्टी तत्काळ गेली तर दोष याच वळशाचा. मात्र ऑक्सची पिन हवेत लोंबकळत ठेवून ही तपासणी करू नका. मोकळी पिन आजूबाजूची गुणगुण पकडतेच आणि तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे प्लेअर आधीच चार्ज करून घेऊन प्रवासात बॅटरीवर चालवणं. ते जमत नसेल तर चार्जिंग स्टिरिओच्याच यूएसबीतून करून बघा. दोन्ही अर्थिंग एकाच जागी आल्यामुळे आवाज बराच कमी होऊ शकतो. तिसरा उपाय ग्राउंड लूप आयसोलेटरचा. त्याच्या छोट्या डबीत दोन ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो आणि विजेची सरळ जोडणी तुटते. हा आयसोलेटर ऑक्सच्या वायरमध्ये बसवायचा असतो, चार्जिंगच्या नव्हे. स्वस्त डब्यांतले ट्रान्सफॉर्मर फार लहान असल्यामुळे खालचे सूर पातळ होतात, म्हणून आधी वरचे दोन फुकटचे उपाय करून बघावेत असं माझं ठाम मत आहे.

चार्जर काढूनही शिट्टी राहिली आणि नुसत्या रेडिओवरही ऐकू आली तर प्लेअरला सोडून द्या. गाडीची वायरिंग किंवा स्टिरिओची अर्थिंग तपासायची वेळ आली आहे आणि ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं. इंजिन बंद असताना चार्जर लावताच एकसुरी चिरचिर येत असेल तर तो चार्जरच कमअस्सल असण्याची शक्यता मोठी. दुसरा लावून बघा.

संगीत वाजतं, गायक मात्र गायब

वाद्यं ऐकू येतात, पण गाणारा कुठेतरी खोल विहिरीत उतरल्यासारखा वाटतो. यावरून गाण्याची फाइलच खराब आहे असं ठरवून ती पुन्हा उतरवणारे भेटतात. दोष जवळपास नेहमी पिनेत असतो. डाव्या आणि उजव्या आवाजाची जी सामाईक अर्थिंग असते तिचा संपर्क तुटला की दोन्ही बाजूंतला फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा नोंदवलेला असतो, म्हणून तोच वजा होतो.

पिन पूर्ण आत गेली आहे का ते आधी बघा. प्लेअरच्या जाड कव्हरमुळे ती मिलिमीटरभर बाहेर राहिली तरी एवढं होऊ शकतं. मग जॅकमध्ये खिशातला कापूस साचलाय का ते पाहा. तो लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सुई घालू नका. त्यानंतर केबलची पिन तपासा. तिच्यावर दोन काळ्या रिंगा असतील तर ती साधी स्टिरिओची, तीन असतील तर माइक किंवा व्हिडिओसाठी असलेली. ऑक्सला दोन रिंगांची ३.५ मिलिमीटरची पिन लागते. तीन रिंगांची कधी चालते, कधी गायक गिळते.

ज्यांच्याकडे महागडा म्युझिक प्लेअर आहे त्यांनी एक गोष्ट जपावी. त्यावरचा २.५ किंवा ४.४ मिलिमीटरचा बॅलन्स्ड जॅक अ‍ॅडॉप्टर लावून ऑक्सला जोडू नका. त्यात प्रत्येक बाजूच्या दोन्ही तारांत सिग्नल असतो. ऑक्समध्ये त्यातली एकेक तार अर्थिंगला टेकते आणि प्लेअरचा अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो.

यूएसबीला लावलं, पण स्टिरिओ ओळखतच नाही

पहिला संशय केबलवर घ्या. काही केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. प्लेअर चार्ज होताना दिसतो म्हणून केबल चांगली आहे असं आपण धरून चालतो, आणि तिथेच फसतो.

दुसरं म्हणजे प्लेअरचा यूएसबी मोड. बहुतेक जुन्या स्टिरिओंना पेन ड्राइव्हसारखा दिसणारा प्लेअरच वाचता येतो. फाइली पाठवायचा दुसरा मोड, एमटीपी, कॉम्प्युटरला समजतो, स्टिरिओला समजेलच असं नाही. प्लेअरमध्ये मास स्टोरेजचा, म्हणजे पेन ड्राइव्हसारखं दिसण्याचा, पर्याय असेल तर तो निवडा. मेमरी कार्डाचं फॉरमॅटही (त्यावर फाइली मांडायची पद्धत) महत्त्वाचं आहे. फॅट३२ जवळजवळ सगळीकडे चालतं, एक्सफॅट आणि एनटीएफएस अनेक स्टिरिओंना वाचता येत नाहीत. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं बहुधा एक्सफॅटमध्येच येतात, म्हणून नवं मोठं कार्ड टाकताच जुना स्टिरिओ गप्प होतो. फॉरमॅट बदलताना कार्डावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा गाण्यांची दुसरी प्रत आधी काढून ठेवा.

गाणी वाजतात पण भलत्याच क्रमाने, ही तक्रार मला फार महत्त्वाची वाटते. रागसंगीताची मैफल किंवा सलग कथा ऐकणाऱ्याचा सगळा रस त्यात जातो. पुष्कळ स्टिरिओ फाइली नावाच्या क्रमाने लावत नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात. फाइलींच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घाला (जुन्या स्टिरिओसाठी ते इंग्रजी अंकांत), फोल्डर पुसून पुन्हा त्याच क्रमाने कॉपी करा. मॅकवरून कॉपी केलं असेल तर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलीही कार्डावर येतात. स्टिरिओ त्यांनाच गाणी समजून अडखळतो. त्या पुसून टाका.

नावांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर एक तर स्टिरिओत देवनागरी अक्षरंच नाहीत, किंवा त्याला टॅगची (फाइलीतच लिहिलेल्या गाण्याच्या माहितीची) नवी पद्धत वाचता येत नाही. टॅग आयडी३ या पद्धतीच्या २.३ आवृत्तीत जतन करून बघा. तरीही चौकोनच राहिले तर गाडीसाठीच्या प्रतीत नावं रोमन लिपीत लिहिण्यावाचून इलाज नाही. फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेल्या) फाइली वाजत नसतील तर गाडीपुरती २५६ किंवा ३२० केबीपीएसची एमपी३ प्रत करा. टायरच्या आणि वाऱ्याच्या आवाजात त्यातला फरक कळणं कठीण आहे.

जुन्या आयपॉडच्या गाडीतल्या जोडण्यांची एक खास अडचण आहे. त्यातल्या काही फायरवायर या जुन्या जोडणीच्या पिनांतून १२ व्होल्टने चार्ज करायच्या. २००८ पासूनच्या बहुतेक नव्या मॉडेलांनी ती पद्धत सोडली. त्यामुळे अशा जोडणीवर त्या मॉडेलांची गाणी वाजतात, पण बॅटरी उतरतच राहते.

तार नसली तरी चुका आहेतच

ब्लूटूथवर संगीत टेलिफोनसारखं चपटं आणि एकाच बाजूचं वाटलं, तर स्टिरिओ कॉलच्या मार्गाने जोडला गेला आहे. ब्लूटूथच्या यादीत त्या स्टिरिओच्या नावापुढे मीडिया ऑडिओ चालू करा. अडखळत असेल तर दोन्हीकडची जुनी जोडणी पुसून नव्याने जोडा. चांगला कोडेक (ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याची पद्धत) प्लेअरमध्ये असून भागत नाही, स्टिरिओतही तोच लागतो, नाहीतर दोघं मुकाट्याने एसबीसी या साध्या कोडेकवर येतात.

प्लेअरचं गाणं गाडीच्या रेडिओवर पाठवणाऱ्या एफएम ट्रान्समीटरमध्ये चूक होते ती जागा निवडताना. आधी ट्रान्समीटर बंद ठेवून ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये अशी जागा शोधा जिथे नुसती खरखर आहे आणि दोन्ही शेजारीही मोकळे आहेत. पुसटसं स्टेशन असलेली जागा घेतली तर काही किलोमीटरवर तेच स्टेशन तुमच्या गाण्यावर चढतं. लांबच्या प्रवासात जागा बदलावी लागणारच. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचे सूर जात नाहीत, म्हणून ऑक्स किंवा यूएसबी उपलब्ध असताना ट्रान्समीटर घेऊ नये.

कॅसेट अ‍ॅडॉप्टर वापरणाऱ्यांनी डेकवरचं डॉल्बी (कॅसेटची खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवावं. आवाज दबलेला आला तर बाजू बदलण्याचं बटण दाबून बघावं, डेक उलट्या दिशेला गेलेला असतो.

प्लेअर कुठे ठेवता हेही बघा. अ‍ॅपलने आयपॉड ठेवण्यासाठी ४५ अंश सेल्सिअसची कमाल मर्यादा दिली होती, आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ती सहज ओलांडतो. गाडी लावून जाताना प्लेअर सोबत न्या. एअरबॅगच्या झाकणावर तो चिकटवू नका, केबल गिअर आणि स्टिअरिंगपासून लांबून न्या, आणि गाण्यांची यादी गाडी हलण्याआधीच लावा.