स्वतः बनवलेल्या बोर्डावरील यूएसबीचा दोष कसा शोधावा

रावेर-यावलच्या केळीबागांत मातीतील ओलावा नोंदवण्यासाठी आम्ही जळगावात एक छोटा बोर्ड तयार केला, तेव्हा पहिल्या पाचांपैकी तीन बोर्ड संगणकाने ओळखलेच नाहीत. दोन दिवस आम्ही प्रोग्राममधील चूक शोधत राहिलो आणि दोष मात्र बोर्डावर निघाला. सुटे भाग कुरिअरने मागवून वाट पाहावी लागते अशा ठिकाणी चिप उपसण्याची घाई परवडत नाही, म्हणून तपासणीचा क्रम पाळणे आवश्यक आहे.

बोर्ड जोडल्यावर संगणक पूर्ण गप्प राहतो की तक्रार करतो, हे सर्वप्रथम पाहावे. त्यासाठी लिनक्सवर डीमेसेज ही आज्ञा किंवा विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवावा. संगणक गप्प असेल, तर काही जोडले गेले आहे हेच त्याला कळलेले नाही. तक्रार असेल, तर जोडणी कळली आहे, पण बोलणे जुळलेले नाही. या दोन्हींची कारणे बहुधा निरनिराळी असतात.

संगणक गप्प असल्यास केबल बदलून पाहावी, कारण केवळ चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या तारा नसतात. रेग्युलेटरकडे (५ व्होल्टचे ३.३ व्होल्ट करणाऱ्या भागाकडे) ५ व्होल्ट आणि चिपच्या पायांवर ३.३ व्होल्ट पोहोचतात का, हेही मोजावे. टाइप-सी सॉकेट असेल, तर सीसी१ आणि सीसी२ या (जोडणी ओळखण्यासाठीच्या) दोन्ही पायांवरून ग्राउंडकडे प्रत्येकी ५.१ किलोओहमचा स्वतंत्र रेझिस्टर हवा. तो नसल्यास ए-टू-सी केबलवर बोर्ड चालतो, पण सी-टू-सी केबलवर त्याला वीजच मिळत नाही.

यानंतरचे मोजमाप सर्वांत महत्त्वाचे आहे. फुल-स्पीड (१२ मेगाबिट वेगाचे) उपकरण १.५ किलोओहमच्या पुल-अपने, म्हणजे वर खेचणाऱ्या रेझिस्टरने, डी प्लस ही तार (डेटाच्या दोन तारांपैकी एक, दुसरी डी मायनस) ३.३ व्होल्टकडे खेचते, तर संगणकाच्या बाजूस १५ किलोओहमचा पुल-डाउन, म्हणजे ग्राउंडकडे खेचणारा रेझिस्टर, असतो. त्यामुळे तार शांत असताना तिच्यावर साधारण ३ व्होल्ट दिसायला हवेत. आमच्या त्या तीन बोर्डांवर जेमतेम १.६५ व्होल्ट येत होते. १५२ छापलेल्या रेझिस्टरच्या जागी १५३ छापलेला, म्हणजे १५ किलोओहमचा, बसला होता आणि २ व्होल्टच्या खालची पातळी संगणक जोडणी मानत नाही. शून्य व्होल्ट दिसल्यास पुल-अप मुळातच नाही किंवा प्रोग्रामने तो सुरू केलेला नाही. एसटीएम३२एफ१०३ या चिपमध्ये अंतर्गत पुल-अप नसल्याने तो बाहेर जोडावाच लागतो. हे मोजमाप संगणकाला जोडूनच करावे. अनेक मोबाइल चार्जरमध्ये दोन्ही डेटा तारा एकमेकींना जोडलेल्या असल्याने तेथील आकडा फसवा असतो.

संगणक तक्रार करत असेल, तर संदेश नीट वाचावा. फुल-स्पीड बोर्डाला तो लो-स्पीड म्हणत असेल, तर डी प्लस आणि डी मायनस यांची अदलाबदल झाली आहे असे जवळपास निश्चित समजावे, कारण डी मायनसवरचा पुल-अप ही लो-स्पीडची खूण आहे. वेग बरोबर असूनही डिस्क्रिप्टर (बोर्डाने दिलेली स्वतःची ओळख) वाचताना उणे ७१ किंवा उणे ११० ही त्रुटी येत असेल, तर संशय आधी क्लॉकवर, म्हणजे चिपची लय ठरवणाऱ्या ठोक्यांवर, घ्यावा. फुल-स्पीडला ०.२५ टक्क्यापर्यंतच चूक चालते. बोर्डावर ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असताना प्रोग्राममध्ये १२ लिहिलेले असणे ही नेहमीची चूक आहे. सुमारे एक टक्का अचूकतेचा अंतर्गत ऑसिलेटर येथे पुरत नाही आणि तापमानानुसार तो आणखी ढळतो. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हिवाळ्यात कसाबसा चाललेला बोर्ड बंद पडला तर नवल वाटू नये. क्रिस्टलजवळच्या कपॅसिटरचे मूल्य थोडे चुकल्याने वारंवारता फारशी बदलत नाही, मात्र ते फार मोठे असतील तर क्रिस्टल सुरूच न होण्याचा संभव असतो.

डेटा तारांच्या ९० ओहम इम्पीडन्सची (वेगवान संकेतांना होणाऱ्या विद्युत अडथळ्याची) चिंता १२ मेगाबिटच्या वेगाला आणि दोन-चार सेंटिमीटरच्या अंतराला फारशी करू नये. त्यांच्याखालचा ग्राउंड सलग असणे अधिक मोलाचे आहे.

जोडणी मध्येच तुटत असेल, तर बोर्डाला पाण्याच्या व्हॉल्व्हचा रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडलेला असल्यास तो चालू होताना ५ व्होल्टची पातळी किती खाली जाते, हे पाहावे. ती सावरण्यासाठी यूएसबीच्या वीजवाहिनीवर थेट मोठा कपॅसिटर लावू नये, तेथे मर्यादा १० मायक्रोफॅरडची आहे. रिलेला वेगळा वीजपुरवठा देऊन त्याचे ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडशी जोडावे.