अलावेर्दीचा मठ बघायला जाताय? मग एवढी तयारी करून जा

हल्ली आपल्याकडचे बरेच जण जॉर्जियाला जातायत आणि राजधानी तिबिलिसीहून एक दिवस काखेतीची, म्हणजे तिथल्या द्राक्षांच्या प्रांताची, वाईन टूर ठरलेलीच असते. त्यात अलावेर्दीचा मठ कसा असतो तर बस थांबते, फोटो काढतात, चला पुढच्या वायनरीला. मला हे अजिबात पटत नाही. सहाव्या शतकात जोसेफ नावाच्या साधूने स्थापन केलेला मठ आहे हा, आताचं मोठं चर्च अकराव्या शतकातलं आणि पन्नास मीटरच्या वर उंच, आणि आत आजही संन्यासी राहतात, पूजा करतात, स्वतःची वाईन करतात. त्यामुळे पहिली तयारी म्हणजे वेळ, निदान अर्धा दिवस फक्त याच्यासाठी ठेवा आणि सकाळी सगळ्यात आधी इथेच या. चार वायनऱ्यांत टेस्टिंग करून तोंडाला वास येत असताना देवळात शिरणं बरं दिसत नाही, इथे पण तेच.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा लागतो, पण तुमच्याकडे अमेरिका, यूके, शेंगेन किंवा आखाती देशाचा चालू व्हिसा किंवा रेसिडेन्सी असेल तर बऱ्याचदा वेगळा व्हिसा लागत नाही. हे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी त्यांच्या सरकारी साइटवर बघाच. हॉटेल बुकिंग, परतीचं तिकीट, ट्रॅव्हल इन्शुरन्स या सगळ्याच्या प्रिंट काढून हातातल्या बॅगेत ठेवा, मोबाईलवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, इमिग्रेशनला आपल्या लोकांना बारीक विचारतात.

तिबिलिसीहून आधी तेलावी हे गाव गाठायचं, शेअर टॅक्सी मिळतात, आणि तिथून मठ साधारण वीस किलोमीटर. गोंबोरी घाटाचा रस्ता सुंदर आहे पण वळणं खूप, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधीच घ्यावी. स्वतः गाडी भाड्याने घेणार असाल तर चालवणाऱ्याने त्या दिवशी थेंबही घ्यायचा नाही, तिथे याबाबतीत कडक आहेत, म्हणून ड्रायव्हरसकट गाडी केलेली बरी.

आता कपडे, यावर लोक सगळ्यात जास्त अडतात. पुरुषांना हाफ पँट चालत नाही, बायकांना डोकं झाकायला स्कार्फ आणि गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट किंवा ड्रेस लागतो, जीन्सवाल्यांना दाराशी गुंडाळायला कापड मिळतं पण गर्दीच्या दिवशी ते शंभर जणींच्या कमरेला लागून आलेलं असतं, म्हणून बॅगेत आपली एक ओढणी आणि एक मोठा स्टोल टाकाच. आमच्याबरोबर सासूबाई होत्या, साडीत, त्यांनी दारातच सवयीने पदर डोक्यावरून घेतला, चपला काढायला वाकल्या आणि मेणबत्त्या विकणाऱ्या आजीबाईंनी हातानेच खूण केली की असू द्या, राहू द्या पायात. चपला घालूनच जायचं असतं तिथे. बसायला बाकं नसतात, सगळे उभे असतात, तेव्हा गुडघेदुखीवाल्यांनी तसं ठरवून जा. सुट्टे लारी, म्हणजे तिथले पैसे, जवळ ठेवा, मेणबत्तीला लागतात. फोटो काढायच्या आधी विचारा, पूजा चालू असेल तर मोबाईल बाहेर काढूच नका.

जायचा महिना निवडता येत असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर, द्राक्षतोडणी म्हणजे र्त्वेली तेव्हाच चालते. सप्टेंबरातच अलावेर्दोबाची जत्रा पण असते, मग मात्र गर्दी धरून चाला. बुधवार-शुक्रवार त्यांचे उपासाचे वार आणि ईस्टरच्या आधी मोठा उपास, तेव्हा मांस, अंडं, दूध काही खात नाहीत. आपल्या शाकाहारी मंडळींना हे फारच सोयीचं! हॉटेलात उपासाचं मागा, राजमा भरलेली रोटी म्हणजे लोबियानी आणि पालक-अक्रोडाची प्खाली बिनधास्त खा.

थोडं वाचून गेलात तर खूप फरक पडतो, आणि वाचायची सुरुवात मी राणी केतेवानपासून करायला सांगेन. काखेतीची ही राणी, इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत होती, धर्म सोडायला नकार दिला म्हणून 1624 मध्ये शिराझला तिला हाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी काढून नेल्या, काही तिच्या मुलाकडे परत पोचवल्या, त्या अलावेर्दीत ठेवल्या, आणि काही थेट आपल्या जुन्या गोव्यात आणल्या. तिथल्या सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चमध्ये उत्खननात हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासला आणि 2021 मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी ते जॉर्जियाला नेऊन दिलं. त्या उंच भिंतींखाली उभं राहिल्यावर ओल्ड गोव्याचा तो अर्धा उरलेला मनोरा आठवला आणि माझ्या अंगावर काटा आला.

वाईनबद्दल आधी समजून घ्या. मातीचा अंड्याच्या आकाराचा मोठा रांजण, क्वेव्री, आतून मधमाशांचं मेण लावून जमिनीत गळ्यापर्यंत पुरतात, आपल्याकडे धान्याचं पेव असायचं तसं. पांढऱ्या द्राक्षांचा रस साली-बिया-देठांसकट त्यातच पाचसहा महिने राहतो म्हणून रंग मधासारखा गडद येतो आणि चव चांगलीच तुरट. नाशिकची फ्रूटी व्हाइट वाईन डोक्यात ठेवून पहिला घोट घेऊ नका. र्कात्सितेली, किसी ही पांढऱ्यातली नावं आणि लाल हवी तर सापेरावी, एवढं पाठ असलं तरी पुरे. या पद्धतीला युनेस्कोने 2013 मध्ये वारसा म्हणून मान दिला. मठाच्या बाटलीवर 1011 साल असतं, म्हणजे तेव्हापासून इथे वाईन करतात असं, पण सोव्हिएत काळात हे सगळं बंद पडलं होतं, 2006 च्या सुमारास संन्याशांनी पुन्हा सुरू केलं, आवारातच द्राक्षांच्या कितीतरी जॉर्जियन जाती जपून लावल्यात. ही वाईन मुळात पूजेसाठी आहे. म्हणून तळघर बघायचं किंवा चव घ्यायची तर गाइडमार्फत आधी विचारून ठेवा, ऐनवेळी जाऊन हट्ट करू नका, नाही म्हणाले तर नाही.

बाटली आणायची असेल तर भारतात माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी लागत नाही, म्हणजे पाऊण लिटरच्या दोनच, तिसरी घेतली की हद्द ओलांडली. मध्ये दुबई-दोहाला विमान बदलायचं असेल तर हातातल्या बॅगेत ठेवू नका, चेक-इनमध्येच टाका, आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग मोज्यात, मग जीन्समध्ये गुंडाळून बॅगेच्या मधोमध. त्यासाठी एक जुनी जाड जीन्स जातानाच घेऊन जा.