कबुतरांना बाल्कनीतून हटवून चिमण्या-बुलबुल कसे आणले

लेकीला चिमण्या बघायच्या होत्या, पण दाणे टाकले की कबुतरंच सगळं फस्त करायची आणि घाण तर विचारूच नका, त्या वाळलेल्या विष्ठेने फुफ्फुसांना त्रास होऊ शकतो, लहान मूल घरात असताना ते चालणारच नव्हतं. म्हणून दाणे पसरणं पूर्ण बंद केलं. त्याऐवजी मातीची पसरट थाळी ठेवली, पाणी जेमतेम दोन इंच, मध्ये एक दगड म्हणजे छोट्या पक्ष्यांना पाय टेकता येतात. पाणी रोज बदलायचं आणि थाळी काथ्याने घासायची, नाहीतर डासांच्या अळ्या होतात.

भिंतीवर लाकडी घरटं लावलं, भोक ३२ मिमी, त्यातून चिमणी जाते पण साळुंकी किंवा कबूतर नाही. हमेलिया या फुलझाडाची कुंडी आणली तर शिंजीर हा छोटा पक्षी यायला लागला, लाल फुलात बाकदार चोच खुपसून मध पितो आणि लेक काचेमागे श्वास रोखून बसते! बुलबुल दुपारी अंघोळीला येतात, सगळीकडे पाणी उडवतात.

ब्रेड, फरसाण अजिबात नको. थाळी भरणं लेकीचं काम, लगेच साबणाने हात धुवायचे. घरट्यात पिल्लं असताना डोकवायचं नाही हे आता तीच शेजारच्या पोरांना बजावते.